पाठीतून ऐकलेली चाल

आठवा तुकडा वाजून संपला. प्रॉमिसने कानावरचे हेडफोन काढून गळ्यात अडकवले, एक जांभई दाबली आणि म्हणाला, "बाह आयबोर, वाईट वाटून घेऊ नको. पण हे ऐकून एक माणूस नाचायचा नाही."

"नाचू नये म्हणूनच केलंय," आयबोर म्हणाला. बाह म्हणजे दादा.

"मग ठीक. मग झकास जमलंय!"

बाशिशा खिडकीपाशी बसून बेस गिटारच्या तारा फडक्याने पुसत होती. "नाचणार नाहीत, पण घरी जाऊन आईला फोन करतील," ती म्हणाली आणि लगेच तिने जीभ चावली. आयबोरच्या आईला जाऊन अजून वर्षही झालं नव्हतं. आयबोरने मात्र मान डोलावली. त्याला ते कौतुकच वाटलं.

'आठ बाजार' हे या तिघांच्या बँडचं नाव. जुना खासी आठवडा आठ दिवसांचा, रोज वेगळ्या गावाचा बाजार, त्यावरून ठेवलेलं. शिलाँगमध्ये गल्लीगल्लीत तीन गिटारवाले आणि दीड ड्रमवाला. त्यात बारा वर्षं टिकून राहणं म्हणजे खायचं काम नव्हे. यांचे दोन अल्बम चांगले चालले होते. बसथांब्यावरचं त्यांचं गाणं सुरू झालं की कॉलेजची पोरं खुर्च्यांवर उभी राहायची. तिसराही तसाच काढला असता तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण आयबोरच्या डोक्यात एकदा किडा वळवळला की तो बापाचं ऐकत नाही. या अल्बमात शब्दच नव्हते. आठ बाजारांच्या नावांचे आठ तुकडे आणि आठही तुकड्यांत एकच चाल. कुठे गिटारवर ताणून लांबवलेली, कुठे उलटी वाजवलेली, कुठे नुसती गुणगुणलेली, आणि मधे मोठमोठ्या गप्प जागा. आता असा अल्बम कोण काढतं? ज्याचं सुख दुखतं तो.

तरी त्या दोघांनी साथ सोडली नाही, कारण ती चाल कुठून आली ते त्यांना ठाऊक होतं.

डोंगर जिथे दक्षिणेला एकदम खाली सपाटीकडे कोसळतात, तिथल्या उतारावरच्या एका गावात आयबोर जन्मला. त्या गावात मूल झालं की आई त्याच्यासाठी चाल बांधते. तिला शब्द नसतात. शाळेच्या दाखल्यावर नाव असतंच, पण रानात, सुपारीच्या बागेत, पलीकडच्या उतारावर असलेल्या माणसाला हाक मारायची ती त्याच्या चालीने. नाव घेतलं की रानातलं भलतंसलतं ते ऐकून ठेवतं, असं म्हातारी माणसं म्हणतात. एकाची चाल दुसऱ्याला मिळत नाही. माणूस गेला की त्याची चालही गेली, ती पुन्हा कुणी तोंडातून काढत नाही.

आयबोर सात वर्षांचा असताना मामाने त्याला शाळेसाठी शिलाँगला आणला. आधी सुट्टीत गावी जाणं व्हायचं, पुढे तेही सुटलं. शहरात कोण कुणाला चालीने हाक मारतो? तो आपली चाल विसरला. म्हणजे आत कुठेतरी काहीतरी होतं, पण नुसतं घुमल्यासारखं. हाताला लागायचं नाही.

मग गेल्या जानेवारीत आईला उपचारासाठी शिलाँगला आणलं. डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा त्याने तिला आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. अकरा दिवस ती तिथे होती. बोलणं थांबलं, पण गुणगुणणं सुरू झालं. खिडकीकडे तोंड करून एकच चाल, लांब, वळणावळणाची, शेवटी वर चढायची आणि तिथेच थांबायची. पहिल्यांदा कानावर पडली आणि आयबोरच्या अंगावर सरसरून काटा आला. हीच ती! आपली! तो तिचा हात धरून म्हणायचा, "मेइ, मी इथेच आहे गं." मेइ म्हणजे आई. ती त्याच्याकडे बघायची नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. त्याने ते फोनवर उतरवून घेतलं, साडेतीन मिनिटं. त्यानंतर तीन दिवसांनी ती देवाच्या दारी क्वाय खायला गेली. क्वाय म्हणजे पान-सुपारी; ती हातावर ठेवल्याशिवाय इकडे माणसाचं स्वागत होत नाही, त्यामुळे गेलेल्या माणसाबद्दलही असंच म्हणतात.

त्या साडेतीन मिनिटांवर आयबोरने पुढचे दहा महिने काढले. वडील त्याला आठवतही नव्हते. भावंड नाही, लग्न केलं नाही. पण शेवटच्या श्वासापर्यंत आई आपल्याला हाक मारत होती, एवढी एक गोष्ट त्याच्याजवळ होती. बाकी जगाने काही दिलं नाही तरी चालेल, इतकी ती मोठी होती.

अल्बममध्ये त्याला ती चाल साधी नको होती. "आतून यायला पाहिजे," तो प्रॉमिसला सांगायचा. ड्रम वाजवायचा प्रॉमिस आणि रेकॉर्डिंगचं सगळंही तोच बघायचा. त्याने माइक रजईत गुंडाळला, तांदळाच्या डब्यात ठेवला, शेवटी लाकडी जमिनीची फळी उचकटून खाली पुरला. आयबोर ऐकायचा आणि डोकं हलवायचा. "अजून आतून."

"कशाच्या आतून, ते तरी सांग! जमिनीच्या खाली आता फक्त घरमालकीण राहते."

"ते मला कळलं असतं तर तुला कशाला छळलं असतं?"

आता फक्त शेवट उरला होता. आठव्या तुकड्याच्या अखेरीस सगळी वाद्यं थांबणार होती आणि खऱ्या माणसाच्या गळ्यातून, खऱ्या उतारावरून आयबोरच्या चालीची हाक येणार होती. ती हाक मारू शकेल असं एकच माणूस आता उरलं होतं. आईची थोरली बहीण, मेइसान. जानेवारीत अल्बम बाहेर पडायचा होता आणि नोव्हेंबर अर्धा संपला होता.

"चला," आयबोर म्हणाला, "शनिवारी गावी जाऊ."

सुमोने वरच्या रस्त्यापर्यंत सोडलं. तिथून गावापर्यंत दगडी पायऱ्या, उतरतानाच गुडघ्यांना घाम फोडणाऱ्या. दोन्ही बाजूंना संत्री लगडलेली. प्रॉमिसने पिशवीतून रेकॉर्डर काढला आणि वाटेतला झरा, कोंबडा, बाशिशाच्या शिव्या, सगळं उतरवून घेत चालला. त्याला ती खोडच होती. चर्चची घंटा, कुत्र्यांची भांडणं, स्वतःच्या मामीचं घोरणं, असं काय वाट्टेल ते त्याच्याकडे साठवलेलं असायचं.

खासी लोकांत घर लेकीकडे जातं, आणि आईला मुलगी नव्हती. तिच्या मागे घर मेइसानच्या धाकट्या मुलीकडे, दारिहुनकडे गेलं होतं. दारिहुन अंगणात तीन महिन्यांच्या लेकीला मांडीवर घेऊन बसली होती आणि बाळाच्या टाळूवर ओठ टेकवून चार-पाच सुरांची एक चाल परत परत म्हणत होती. मेइसान बाजूला सुपारी कातरत होती. ऐंशीला टेकलेली, चौकड्यांची शाल घट्ट बांधलेली, आणि जीभ कातरीसारखी.

"अगं बाई! वाट चुकला वाटतं कुणीतरी," ती म्हणाली. "वाळलायस किती मेल्या! शिलाँगमध्ये भात मिळायचा बंद झाला का?"

"तुझ्या हातचा मिळत नाही, मेइसान."

"हं. गोड बोलायला शिकलायस. आईवर नाही गेलास त्याबाबतीत." तिने तिघांच्या हातावर पान-सुपारी ठेवली आणि प्रॉमिसकडे वळली. "तुझं नाव काय रे?"

"प्रॉमिस."

"कुणी कुणाला दिलेलं?"

"वडिलांनी आईला. मुलगा झाला की दारू सोडतो म्हणाले होते. मग मी झालो."

"आणि दारू?"

"ती माझ्यापेक्षा मोठी होती ना, मेइसान. मोठ्यांचा मान ठेवला त्यांनी."

म्हातारी इतकी हसली की तिला ठसका लागला. त्यानंतर प्रॉमिसच्या ताटात भात दोनदा जास्त पडला आणि वर सुक्या मासळीची झणझणीत चटणी. जेवणं झाली, बिनदुधाचा लाल चहा झाला, उन्हं अंगणात आली. आयबोरने मग घसा खाकरला आणि कशासाठी आलो ते सांगितलं. अल्बम कसला आहे, आई शेवटी काय गुणगुणत होती, तिच्या मागे आता ती हाक फक्त तुझ्या गळ्यात आहे, हे सगळं.

मेइसानने अडकित्ता खाली ठेवला. "म्हणजे मी इथे बसून तुला हाक मारू?"

"हो."

"तू तर समोर बसलायस!"

"मग काय झालं?"

"काय झालं म्हणजे? समोरच्या माणसाला कुणी चालीने हाक मारतं का? वेड लागलं का मला?"

आयबोरला वाटलं, ती लाजतेय. म्हातारी माणसं माइकसमोर लाजतात, हे त्याला ठाऊक होतं. तो म्हणाला, "बरं, आधी ऐक तर. ऐकलंस की तुझ्या तोंडून आपोआप निघेल." त्याने प्रॉमिसला खूण केली. प्रॉमिसने छोटा स्पीकर ओट्यावर ठेवला आणि आठवा तुकडा लावला.

आधी बाशिशाचा बेस, खाली, हळू. मग आयबोरची गिटार ती चाल घेऊन वर चढू लागली. मग गिटार विरली आणि आईचा आवाज आला, थकलेला, पण सुराला पक्का. तो अंगणातून बाहेर पडला आणि समोरच्या उतारावर आदळून परत आला. आयबोरने डोळे मिटले होते. म्हणून त्याला मेइसानचा चेहरा दिसला नाही. बाशिशाला दिसला. तिने आयबोरच्या दंडाला हात लावला.

इतक्यात समोरच्या घराचं दार उघडलं. शेजारची थ्रिना, जिला सगळे काँग म्हणजे ताई म्हणत, बाहेर आली, मेइसानपेक्षाही म्हातारी, काठी टेकत. तिने कपाळावर हात धरून इकडेतिकडे पाहिलं आणि कापऱ्या आवाजात विचारलं, "किटबोकला कोण हाक मारतंय गं? किटबोकला कशाला हाक मारताय?"

"बंद कर ते," मेइसान म्हणाली.

प्रॉमिसचं बोट बटणावर जाईपर्यंत चाल आणखी एकदा वर चढली आणि तुटली. दारिहुनने बाळाला पदराखाली घेतलं होतं.

"किटबोक कोण?" आयबोरने विचारलं.

मेइसानने काँग थ्रिनाला हातानेच आत जा म्हणून खुणावलं. मग तिने हातातली सुपारी खाली ठेवली. "तुझा मोठा भाऊ," ती म्हणाली. "तुझ्याआधी पाच वर्षं जन्मलेला. तीन वर्षांचा होऊन तापाने गेला. तेव्हा खाली औषधाला माणूस पाठवायचा म्हणजे दोन दिवसांची वाट. तू जन्मलास तेव्हा आम्ही ठरवलं, याच्यासमोर विषय काढायचा नाही. तुझ्या आईनेच तसं सांगितलं होतं."

"आणि ही चाल..."

"त्याची. तिने त्याच्यासाठी बांधलेली. इथलं कुणीही सांगेल. चाळीस वर्षांनंतर थ्रिनाने ओळखली की नाही? तिला काल काय जेवली ते आठवत नाही, पण चाली सगळ्यांच्या आठवतात."

आयबोर उठून उभा राहिला. कुठे जायचं ते त्याला कळेना, म्हणून परत बसला. "म्हणजे ती मला हाक मारत नव्हती," तो म्हणाला. "त्याला मारत होती."

"हो बाबा."

"मी अकरा दिवस तिथे बसलो होतो, मेइसान! तिचा हात धरून. तिला भरवत होतो, धूत होतो, रात्र रात्र जागत होतो. मी इथे आहे, मी इथे आहे म्हणून घसा कोरडा केला. आणि ती मेलेल्या पोराला हाका मारत होती? मी कोण होतो मग तिथे? नर्स?"

त्याचा आवाज इतका चढला की बाळ रडायला लागलं. दारिहुन त्याला घेऊन आत गेली. तीन वर्षांच्या, कधी न पाहिलेल्या भावाचा आयबोरला त्या क्षणी इतका राग आला की त्याची त्यालाच शरम वाटली. पण राग गेला नाही.

मेइसानने त्याला ओरडू दिलं. मग म्हणाली, "झालं?"

त्याने बाहीने तोंड पुसलं.

"आता माझं ऐक. गेलेल्याला हाक मारायची नसते, त्याचे पाय अडतात. तुझ्या आईला हे ठाऊक नव्हतं होय? पण ती मारायची. मी एकदा पकडलं तिला झाडू बांधायच्या उंच गवतात. चांगली फैलावर घेतली. तर मला म्हणाली, 'मी हाक मारत नाही गं, नुसती आठवते. तोंडातून निसटते.' त्यानंतर ती कुणी नसेल तिथेच गुणगुणायची. कुणी नसेल तिथे म्हणजे तू असायचास. तुला पाठीला बांधलेलं असायचं. तान्ह्या पोराला काय कळतंय, असं तिला वाटलं असणार."

आयबोरने वर पाहिलं. शेजारी प्रॉमिस हळूच म्हणाला, "आतून."

पाठीला बांधलेलं मूल, कान मणक्याला लागलेला, आणि आत घुमणारा आवाज. रजई, तांदळाचा डबा, उचकटलेली फळी. इतके महिने तो जे शोधत होता ते आईच्या पाठीच्या आत होतं, आणि ते त्याच्यासाठी नव्हतंच. त्याला एकदम रडू फुटलं. मोठा अडतीस वर्षांचा बाप्या, तीन गावांच्या पोरांनी डोक्यावर घेतलेला, अंगणात बसून नाक ओढत रडला. बाशिशा दुसरीकडे बघत राहिली.

"ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती," तो शेवटी म्हणाला.

"कशाला बघेल?" मेइसान म्हणाली. "तू होतास ना जवळ! जवळ बसलेल्याला कोण हाक मारतं रे? हाक लांबच्याला मारायची. तुझा हात तिच्या हातात होता. तुझी तिला काळजी नव्हती. काळजी त्या दुसऱ्याची. तीन वर्षांचं पोर, चाळीस वर्षं देवाच्या दारी एकटं बसलेलं. त्याला सुपारी कातरून कोण देत असेल? ती निघाली होती तिकडे. जाताना सांगत होती त्याला, येतेय म्हणून."

अंगणात एक कोंबडी येऊन भाताची शितं टिपत होती. आयबोर तिच्याकडे बघत राहिला. मेइसानने नवं पान लावून त्याच्या हातावर ठेवलं.

"मग माझी चाल कुठली?" त्याने विचारलं.

"आहे की."

"म्हण ना एकदा."

"पुन्हा तेच! समोर बसलायस म्हटलं ना. लांब जा, मग मारीन." मग जरा थांबून ती म्हणाली, "आणि ते तुझं गाण्याचं काय ते तू बघ. त्यातलं मला कळत नाही. पण पोर आता आईजवळ पोचलंय. हजार घरांत त्याला पुन्हा पुन्हा हाका मारून उठवू नको. एवढं कर."

परतीच्या पायऱ्या तिघं निम्म्या चढून आले. मग बाशिशा वळणावरच्या दगडावर बसली आणि म्हणाली, "आठही तुकड्यांतून काढायची?"

"आठही."

"आयबोर, सगळा अल्बम त्या चालीवर उभा आहे. ती काढली तर उरतं काय?"

"आपण उरतो."

"माझा ड्रम आणि हिचा बेस," प्रॉमिस म्हणाला. "वा! लोक म्हणतील, गवयाने ऐनवेळी दांडी मारली."

"म्हणू देत."

"आणि आईचा आवाज?"

"तो माझ्याकडे राहील. फोनमध्ये." आयबोरने पुढच्या पायरीवर पाय ठेवला. "तो तिने मला दिलेलाच नव्हता. मी उचलला."

ते पुन्हा चढू लागले. पायऱ्या मोजायच्या नाहीत असं बाशिशाने ठरवलं होतं आणि तरी ती मोजत होती. आयबोर सगळ्यात पुढे होता. गाव खाली तळहाताएवढं दिसत होतं, पत्र्यांची छपरं आणि मधेच एक लाल-काळ्या चौकड्यांचा ठिपका. म्हातारी अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली असावी. आयबोरने मागे वळून पाहिलं नव्हतं. अल्बममधल्या तिसऱ्या तुकड्याचं काय करायचं, याचा तो विचार करत होता.

आणि त्याचे पाय थांबले.

आधी पाय थांबले, मान वळली, मग त्याला कळलं की आपण काहीतरी ऐकलं. छोटीशी चाल. साधी, जवळजवळ ओबडधोबड. दोन सूर खाली, एक वर, आणि शेवटी एक झटका, 'कुठे कडमडलास' असं विचारल्यासारखा. वळणं नाहीत, कारुण्य नाही, अल्बम करावा असं त्यात काहीच नाही. ती उतारावरून पुन्हा आली. आयबोरच्या पोटात एकदम भूक लागल्यासारखं झालं. सात वर्षं ही चाल कानावर पडली की तो हातातलं टाकून भाताकडे धावला होता. ही त्याने कधी ऐकलीच नव्हती. ऐकायची कुठे फुरसत होती? हिला फक्त ओ दिली होती. म्हणून तर ती आठवत नव्हती.

तो तिथेच उभा राहिला. खाली तो चौकड्यांचा ठिपका हलला आणि घराच्या आत गेला. मग बाशिशाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि तिघं वरच्या रस्त्याला लागले.

शिलाँगला आल्यावर चार दिवस प्रॉमिस त्या आठ तुकड्यांतून चाल काढत बसला. गिटार गप्प केली, गुणगुणणं गप्प केलं. गप्प जागा आधी होत्याच, आता त्या वाढल्या. कुठे नुसता बेस एक पाऊल टाकून थांबायचा. कुठे ड्रमवर हात घासल्याचा आवाज, आणि पुढे येणारं काही येतच नाही. पाचव्या दिवशी तिघांनी बसून सलग ऐकलं.

"कुणाच्या तरी वाटेकडे डोळे लावून वाजवतोय असं वाटतंय," बाशिशा म्हणाली. "आधीपेक्षा बरं आहे. मला चीड येतेय की आधीपेक्षा बरं आहे."

"शेवट राहिलाय," आयबोर म्हणाला. आठवा तुकडा अधांतरी तुटत होता. मेइसानची हाक तिथे घालायची होती आणि ती आता घालायची नव्हती. ती चाल त्याने या दोघांसमोरही गुणगुणून दाखवली नव्हती. कशाला दाखवायची? ते दोघं समोरच होते.

प्रॉमिसने कान खाजवला. "बाह, रागावणार नसशील तर एक सांगू? परत चढताना माझा रेकॉर्डर चालू होता. पिशवीत. बंद करायचा राहिला."

"प्रॉमिस!"

"आईशप्पथ राहिला! आणि हाक त्यात आलेलीच नाही. स्वेटरखाली होता, लांबचं काही धरलं नाही त्याने. फक्त आपण आहोत. ऐक तर, नाहीतर पुसून टाकतो."

आयबोरने ऐकलं. दगडावर पावलं, तीन माणसांची. बाशिशाचा श्वास आणि "एकशे बारा, एकशे तेरा". पावलं. मग पुढची पावलं थांबली आणि मागोमाग बाकीची. काही नाही. वारासुद्धा नाही. कितीतरी वेळ काही नाही. आणि मग त्या कोऱ्या जागेत एक आवाज आला, मोठा, घाईचा, मोठ्या माणसाच्या गळ्यातला पण लहान पोराच्या सुरातला.

"आलो, मेइ!"

आयबोरने प्रॉमिसकडे पाहिलं, मग बाशिशाकडे.

"हे मी म्हणालो?"

"म्हणालास की," बाशिशा म्हणाली. "केवढ्याने ओरडलास! आम्हाला वाटलं, तुला ठाऊक आहे."

त्याने ते आणखी एकदा लावायला सांगितलं. ऐकून झाल्यावर तो उठला, खिडकीपाशी जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हा शेवट. याला हात लावू नको."

प्रॉमिसने मान डोलावली आणि ते आठव्या तुकड्याच्या शेवटाला जोडायला घेतलं.